मेन स्विचच्या दिशेने

पोहायला शिकायचं हे बायकोनेच ठरवलं. तिचे गुडघे दुखायला लागले होते आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालणं कमी करा, पाण्यात व्यायाम करा. नेरूळला आमच्या सोसायटीत एक लहानसा स्विमिंग पूल आहे. त्याच्या कडेने इतकी वर्षं आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन ये-जा केली, पण आत पाय कधी घातला नव्हता. सुट्टीत पोरांनी गोंधळ घालायची जागा, एवढीच आमची समजूत.

"तुम्ही शिकवणार का मी क्लास लावू?" तिने विचारलं.

"क्लास कशाला? मी आहे की."

मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. आम्हा दोघांचंही गाव सातारा जिल्ह्यातलं. माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून चुलत्याने मला विहिरीत ढकललं होतं. तिचा धाकटा भाऊ नदीत पोहायचा, आणि ती घाटावर बसून त्याचे कपडे सांभाळायची. पोरीच्या जातीला पाण्यात कोण उतरू देणार? पन्नाशीला आल्यावर तिने पहिल्यांदा पूर्ण अंग बुडेल एवढ्या पाण्यात पाय ठेवला, तो माझा दंड धरून.

शिकली मात्र भराभर. आधी कठडा धरून पाय मारणं, मग तोंड पाण्यात घालणं, मग उताणं तरंगणं. पहिल्यांदा तरंगली तेव्हा बाहेर येऊन म्हणाली, "अहो, कान बुडाले की सगळं जग गप्प होतं." तिला ते फार आवडलं होतं. रविवारी सकाळी माझ्याआधी तीच तयार होऊन बसायची.

रविवारी तिचा भाऊही यायचा. तो कांदा-बटाटा मार्केटमध्ये व्यापारी. राहायला तुर्भ्याला. आवाज असा की दोन मजले खालून कळायचं, आला म्हणून. पूलच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, हातात चहाचा कप घेऊन तो बहिणीची मजा बघत बसायचा. "दाजी, ताईला शिकवताय का भिजत घातलीय?" असलं काहीतरी बोलायचा आणि आजूबाजूच्या बायकाही हसायच्या. मलाही तो आवडायचा. अजूनही आवडतो, पण आता त्याच्यासमोर बसलं की माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळत नाही.

गेल्या मे महिन्यातला रविवार. आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस पूलपाशी झाला होता. फुग्यांचे तुकडे पडले होते. पाण्याखालचे दिवे रात्रभर तसेच चालू राहिले होते, हे मला नंतर कळलं. सकाळच्या उन्हात पाण्याखालचा दिवा कुठे दिसतो?

बायको तेव्हा खोल भागात आडवी पोहायला लागली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, तिथल्या स्टीलच्या शिडीला हात लावायचा, दम घ्यायचा आणि परत यायचं. मी काठावरून तिच्या बरोबरीने चालायचो, गरज पडली तर हात द्यायला.

तिने शिडीचा दांडा धरला आणि तिच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. ओरडली नाही. घशात काहीतरी अडकल्यावर येतो तसा आवाज. मान वर ताठ झाली. दांड्यावरची बोटं पांढरी पडली.

"काय झालं? पायात गोळा आला का?"

उत्तर नाही. डोळे उघडे, माझ्याकडेच, पण पापणी हलेना. मी ओल्या फरशीवर गुडघा टेकला, वाकलो आणि तिचं मनगट धरलं. खांद्यापर्यंत झटका बसला. मी हात काढून घेतला.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. आयुष्य त्यातच गेलं. तो झटका कशाचा ते मला सांगायला कोणी नको होतं. कारखान्यात नवीन माणसं आली की त्यांना मीच शिकवतो. कोणी करंटला चिकटला तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा. हे मी इतक्यांदा बोललोय की झोपेतही बोलेन.

मी उठलो आणि पळालो. पूलचा विजेचा पॅनेल क्लबहाउसच्या मागे, पंपाच्या खोलीत होता. पळता पळता ओरडत होतो, "करंट आहे! पाण्यात उतरू नका! कोणी उतरू नका!" मेहुणा खुर्चीवरून उठलेला मला दिसला. कप त्याच्या हातातून पडला होता.

"तू उतरू नको! ऐक माझं!"

"दाजी, ताई बघा ना—"

पुढचं त्याचं बोलणं पाण्यात गेलं. माझ्या पाठीमागे धप्पकन आवाज झाला. मी वळून बघितलं नाही.

पंपाच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली गेटवर वॉचमनकडे. भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला होता, तो काढून मी कडीवर घालत राहिलो. कडी उखडून खाली पडली. आत अंधार, आणि पॅनेलवर कुठला स्विच कशाचा ते लिहिलेलं नाही. मी हाताला लागेल ते सगळं खाली ओढलं. शेवटी मेन ओढला. पंपाची घरघर थांबली आणि बाहेरच्या बायकांच्या किंकाळ्या एकदम स्पष्ट ऐकू आल्या.

परत आलो तेव्हा बायकोचा हात शिडीवर नव्हता. ती शिडीपासून थोडी लांब होती आणि तिचं तोंड पाण्याच्या वर होतं. ते वर होतं कारण तिच्या खाली तिचा भाऊ होता. ती त्याच्या खांद्यावर, डोक्यावर हात-पाय रोवून वर चढत होती. जिन्याची पायरी चढावी तशी. तो हालचाल करत नव्हता.

पाला काढायची जाळीची लांब काठी भिंतीला टेकवलेली होती. मी ती तिच्यापुढे धरली. "काठी धर! धर काठी!" तिने काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि धरली नाही. ते बघणं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. शेवटी मी काठी तिच्या छातीला लावून ढकलली तेव्हा तिची बोटं आपोआप मिटली. मी ओढत काठाला आणली. दोन बायकांनी तिला काखेत धरून वर घेतलं.

मग मी उडी मारली. मेहुणा तळाला गेला होता. त्याला मागून धरून, हनुवटीखाली हात घालून वर आणला. फरशीवर घेतला तेव्हा श्वास नव्हता. मी छाती दाबत राहिलो, तोंडाने हवा भरत राहिलो. एकदा हाताखाली बरगडी कडकन वाजली. थांबलो नाही. शेजारी बायको हातापायांवर ओणवी, पाणी ओकत होती आणि तशातही आमच्याकडे बघत होती. मग त्याच्या तोंडातून पाणी आलं, आणि फरशीवरून जड कपाट ओढल्यासारखा आवाज करत श्वास आला.

अँब्युलन्समध्ये मी त्याच्या पायाशी बसलो. ओल्या चड्डीवर कोणीतरी टॉवेल टाकला होता.

बायकोला हॉस्पिटलमध्ये हृदयावर नजर ठेवायला ठेवलं. तिच्या तळहातावर लाल वळ उठला होता, बाकी ती ठीक होती. मेहुणा आयसीयूमध्ये, नळ्या लावलेला. दुपारी गावाहून सासूबाई आल्या, नातेवाइकांच्या गाडीतून. तोवर काय घडलं ते फोनवरून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. कसं पोचलं ते मला लगेच कळलं, कारण त्या माझ्यापाशी आल्याच नाहीत. कॉरिडॉरच्या त्या टोकाला बसून कोणा बाईला सांगत होत्या. आवाज लहान करायची त्यांना सवय नाही.

"पोरगी पान्यात तडफडतीया, आन् पाव्हणं पळत सुटलं. माझ्या लेकानं उडी घेतली."

मी उठून त्यांच्याजवळ गेलो. सांगितलं. करंट काय असतो, हात लावला असता तर मीपण चिकटलो असतो, मेन बंद केला नसता तर दोघंही राहिले नसते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. त्या ऐकून घेत होत्या, पदर तोंडाला लावून.

डॉक्टरांना मी आणखी एक विचारलं होतं. बायकोचा हात शिडीवरून कसा सुटला? ते म्हणाले, "भावाचा धक्का लागून सुटला असेल. तो जोरात आदळला असणार. तसं झालं नसतं तर तुम्ही येईपर्यंत त्या राहिल्या असत्या का, हे कोणी सांगू शकत नाही." हेही मी सासूबाईंना सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाल्या, "मंग?"

मेहुण्याने जे करायचं नाही तेच केलं, आणि कदाचित त्यामुळेच माझी बायको जिवंत होती. मी जे करायचं तेच केलं, आणि त्यामुळे ती दोघंही जिवंत होती. दोन्ही खरं. पण एकाने उडी मारली होती आणि एक पळाला होता, आणि कॉरिडॉरमध्ये बसलेल्या कोणालाही यातला कोण कसा ते ठरवायला वेळ लागत नव्हता. मलाही लागला नाही.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आला. वरच्या मजल्यावरचं कोणीतरी बाल्कनीतून पूलच्या काठावर खेळणाऱ्या आपल्या मुलाला टिपत होतं. त्यात मागे कोपऱ्यात आम्ही आलो होतो. बायकोचं डोकं, मी वाकलेला, मी हात झटकून मागे घेतलेला, मी उठून पळतोय. ढेरी हलतेय, चड्डी ओली. मग मोबाईल हलला आणि व्हिडिओ संपला. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी खाली लिहिलं होतं, "नवरा बघा." सेक्रेटरींनी लगेच खुलासा टाकला, मी मेन बंद करायला गेलो होतो म्हणून. मग हात जोडलेली चिन्हं आली, फुलं आली. पण व्हिडिओ तोवर इतर ग्रुपांवर गेला होता, आणि तिथे सेक्रेटरी नव्हते.

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीचा फोन आला. तिला तो कोणा मैत्रिणीने पाठवला होता.

"बाबा, याच्या पुढचा भाग कोणाकडे आहे का?"

"नाही."

"नक्की? विचारा ना."

"विचारलं. नाही कोणाकडे."

मग म्हणाली, "ठीक आहे. आईला नका दाखवू."

मी मात्र तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, इतर लोक नसताना. सुट्टीच्या दिवशी खाडीकडेला सारसोळ्याच्या जेट्टीवर जाऊन बसलो तिथेही. मी त्यात एक गोष्ट शोधत होतो. झटका बसणं आणि पळणं याच्यामध्ये कुठेतरी क्षणभर मी थांबलोय का? विचार करणारा माणूस थांबतो. निदान मान वळवतो, पॅनेल कुठे आहे ते बघतो. व्हिडिओतला माणूस थांबत नाही. पायाखाली साप दिसल्यावर माणूस उडतो तसा तो उडतो आणि पळतो. करंट आहे हे त्याला कळलंय, एवढं नक्की. पण मेन स्विचकडे पळायचंय हे त्याला कधी कळलं, पळायच्या आधी की पळता पळता, हे त्याच्या पाठीवरून मला ओळखता येत नाही. पंपाची खोली त्या दिशेला होती. पूलच्या पलीकडे असती तर मी पाण्याला वळसा घालून, तिच्याजवळून तिकडे गेलो असतो का? गेलो असतो असं मी स्वतःला सांगतो. सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

चौकशीला वीज खात्याचे इन्स्पेक्टर आले तेव्हा पॅनेल उघडताना मी हजर होतो. पाण्यातल्या दिव्याची केबल चिरलेली होती. करंट गळायला लागला की आपोआप बंद करणारं उपकरण सारखं वीज तोडायचं, म्हणून कोणा कामगाराने त्याच्या वायरी थेट जोडून टाकल्या होत्या. कंत्राटदार म्हणाला, माझा माणूस नव्हे. इन्स्पेक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, तुम्ही पळालात म्हणून बरं." त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. मला तोच शब्द ऐकू आला.

मेहुण्याच्या फुफ्फुसात पाणी जाऊन न्यूमोनिया झाला होता. बरगडी जुळायची होती. बरेच आठवडे गेले, पण उठला. सुटल्यावर आईला घेऊन आधी आमच्याच घरी आला. चालताना छातीला हात लावत होता, आवाज निम्मा झाला होता. दारातच वाकून माझ्या पाया पडला.

"दाजी, तुमच्यामुळं जिवंत हाय मी."

त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी त्याला उठवलं, बस म्हणालो. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

राहिली बायको. घरी आल्यावर ती पूर्वीसारखीच वागायला लागली. डबा, भाजी, सिरियल. त्या दिवसाचा विषय तिने काढला नाही, म्हणून मीच काढत राहिलो. ती पोळ्या लाटत असली की ओट्याशी उभा राहून सांगायचो. पाण्यातून करंट कसा येतो, स्टीलची शिडी जमिनीला कशी जोडलेली असते, म्हणून शिडी धरली की तो शरीरातून कसा जातो. एकदा तर पेपराच्या कडेला चित्र काढून दाखवलं. ती म्हणायची, "हो." म्हणायची, "कळलं." आणि पोळी उलटायची.

एकदा मात्र लाटणं थांबवून म्हणाली, "मला सगळं दिसत होतं. बोलता येत नव्हतं. तुम्ही हात सोडला आणि मग मला तुमची पाठ दिसत होती."

मी पुन्हा काहीतरी सांगायला लागलो.

"ऐका ना," ती म्हणाली. "मी त्याच्या डोक्यावर पाय दिला. आईला ते कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगितलं नाहीत. तेवढं बरं केलंत."

बुडणाऱ्या माणसाला भान नसतं, तो कोणालाही धरतो, हे मला माहीत होतं. तिलाही कोणीतरी सांगितलं असेल. पण ते माहीत असून तिला उपयोग नव्हता, जसा मला माझ्या नियमाचा नव्हता.

पूल दुरुस्त झाला. कमी दाबाचे दिवे बसवले, पॅनेल नवीन केला, प्रत्येक स्विचवर नाव लावलं, कुलूप काढून टाकलं. पूल उघडायच्या आधी सेक्रेटरींनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील, याचा विचार करून हो म्हणालो.

खुर्च्या टाकल्या होत्या. मी सांगितलं, पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं तर धातूच्या कशाला हात लावू नका, आलात तसे मागे फिरा, इतरांना ओरडून सांगा. बाहेरच्यांनी उडी मारायची नाही. मेन बंद करायचा. मग काठी, दोरी, ट्यूब, हाताला येईल ते पुढे करायचं. पाण्यात उतरावंच लागलं तर बुडणाऱ्याच्या समोरून जायचं नाही, मागून धरायचं. सगळे मान डोलवत होते.

नुकतीच भाड्याने राहायला आलेली एक बाई कडेवर मूल घेऊन मागे उभी होती. तिला काही माहीत नव्हतं. तिने विचारलं, "काका, तुम्ही बोलता ते बरोबर आहे. पण आपलंच माणूस पाण्यात असलं तर कोण थांबणार हो?"

ज्यांना माहीत होतं ते सगळे खाली बघायला लागले. माझं तोंड उघडं राहिलं.

"थांबायचं," मागच्या रांगेतून आवाज आला. बायकोचा. ती आली आहे हेच मला माहीत नव्हतं. "थांबायचं आणि मेन बंद करायचा. माझा भाऊ थांबला नाही. मरता मरता वाचला." एवढं बोलून ती उठली आणि लिफ्टकडे गेली. कोणीतरी टाळी वाजवली, बाकीच्यांनी वाजवली नाही म्हणून थांबली. माझी बाजू तिला घ्यावी लागली, तीही चारचौघांत, हे मला त्या टाळीपेक्षा जास्त लागलं.

घरी आलो तर ती चहा ठेवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला भीती वाटली होती का?"

मेन, अर्थिंग, चिकटणं, सगळं जिभेवर तयार होतं. ते आलं नाही.

"हो," मी म्हणालो. "फार वाटली. आधी पळालो. विचार नंतर आला असेल."

तिने गॅस बारीक केला.

"मग एवढे महिने मला करंट काय समजावत बसला होतात?"

तिने चहा गाळला, माझा कप माझ्या हातात दिला आणि स्वतःचा घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली. एक घोट घेऊन म्हणाली, "मला पण भीतीच वाटली होती. म्हणून तर त्याच्यावर चढले."

आम्ही तिथेच उभ्याने चहा प्यायलो. त्यानंतर आम्ही पुन्हा त्यावर बोललो नाही. तशी गरज वाटली नाही असं ती म्हणेल. मला गरज वाटते, पण धीर होत नाही.

ती आता पुन्हा पाण्यात उतरते. एका बाई प्रशिक्षकाकडे क्लास लावलाय. मी खाली जात नाही. मेहुण्याचा आवाज पूर्वीसारखा झालाय, अजूनही दोन मजले खालून ऐकू येतो. तो ऐकू आला की शर्ट बदलायच्या निमित्ताने मी आतल्या खोलीत जातो. दार तिला उघडू देतो. त्यांचं हसणं सुरू झालं की मग बाहेर येतो.